टिश्यूचं पुडकं आणि एसटीतला रुमाल

सन २०२५. माझं वय शहात्तर. तुझं किती होतं ते तुझ्या बायकोलाही नीट सांगता येईना. कागदावर एक, तुझी आई सांगायची ते दुसरं, आणि तुमच्या चिनी हिशेबानं त्याहून एखादं वर्ष जास्तच. तू मात्र भेटल्या दिवसापासून "आय ओल्डर दॅन यू" म्हणून मला दम देत आलास. ठीक आहे. मोठा तूच. ठेव तुझं मोठेपण तुझ्याकडे.

हॉक, आमच्या मराठी मंडळाच्या अंकात माणूस गेला की त्याच्यावर लिहितात. जन्म कुठला, शिक्षण किती, कुठल्या बँकेत कुठल्या हुद्द्यावर होता. संपादकबाई म्हणाल्या, "अप्पा, तुमच्या त्या मित्रावर लिहा की. शुद्धलेखन मी बघते." मी म्हटलं, तो मंडळाचा नव्हता, मराठी नव्हता, यातलं एक अक्षर त्याला वाचता आलं नसतं. त्या म्हणाल्या, "मग तर मोकळेपणानं लिहा."

म्हणून लिहितोय. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. बसून लिहायची सवय नाही, आणि तू गेल्यापासून तर बसवतच नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जातो, खाली बघतो, परत येतो. सून विचारते, "अप्पा, काही शोधताय का?" काय सांगू तिला.

हे अप्पा प्रकरण तुला कधीच पटलं नाही. पहिल्याच दिवशी नाव विचारलंस, मी सांगितलं, तर तू हातातल्या नूडल्स खायच्या काड्या खाली ठेवल्यास. "आह पा? दॅट वन फादर! यू वाँट मी कॉल यू फादर?" तुमच्या बोलीत बापाला तसंच म्हणतात म्हणे. तेव्हापासून तू मला ओल्ड मॅन म्हणालास. रागावलास की मात्र अप्पा म्हणायचास. म्हणजे बापाशी भांडल्यासारखं.

आपली गाठ पडली ती माझ्या चांगुलपणामुळं. हे मी आजही म्हणतो. तू नाही म्हणायला आता नाहीस.

मी नुकताच आलो होतो. सिंगापुरात पासिर रिसला मुलाचा फ्लॅट. मुलगा, सून कामावर, नात शाळेत. दुपारी भूक लागली म्हणून एकटाच खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात गेलो. बघतो तर काय, खुर्च्या रिकाम्या आणि माणसं हातात ट्रे घेऊन उभी. मला काही उमगेना. जवळ गेलो तर एका टेबलावर टिश्यूचं पुडकं पडलेलं, पलीकडच्या खुर्चीवर छत्री. मनात म्हटलं, काय विसरभोळे लोक आहेत, आणि शेजारचा एक जण उचलून देईल तर शपथ. मी पुडकं उचललं, छत्री उचलली, टेबलं पुसणाऱ्या बाईकडे नेऊन दिली. "लॉस्ट, लॉस्ट." ती नको नको म्हणून हात हलवते आणि मी तिच्या हातात कोंबतोय. मग पुण्याचं काम केल्यासारखा येऊन त्याच खुर्चीवर बसलो.

तेवढ्यात तू आलास. हातात वाफाळलेला नूडल्सचा वाडगा, बोटं भाजतायत, कपाळावर आठ्या.

"हू टेक माय टिश्यू?"

मी छाती पुढं काढून सांगितलं, "आय. सेफ. देअर."

तू माझ्याकडे बघितलंस, त्या बाईकडे बघितलंस. तिच्या एका हातात फडकं, दुसऱ्या हातात तुझं पुडकं आणि काखेत कुणाची तरी छत्री. आणि तू असा हसलास की रस्सा सांडला. माझ्यासमोर बसून तू मला शिकवलंस, पुडकं ठेवलं की जागा धरली. त्याला इथं चोप म्हणतात. सिंगापुरात तो कायदा नाही, पण कायद्याहून जास्त पाळतात. "युवर प्लेस नो हॅव?"

नो हॅव? आमच्याकडे नाही? मी तुला एसटी सांगितली. माझं इंग्रजी तेव्हा बोटांवर मोजण्याएवढं, म्हणून उभं राहून करून दाखवलं. स्टँडवर गाडी शिरते, थांबायच्या आधीच माणसं बाजूनं धावतात, खिडकीतनं रुमाल आत टाकायचा. रुमाल नसला तर टोपी. एकदा तर शेजारच्या बाईनं पोरगंच आत सोडलं होतं. मग दारातनं चेंगरत आत शिरायचं, आणि रुमाल आहे तिथं बसायचं. तालमीतला पैलवान असला तरी दुसऱ्याचा रुमाल उचलत नाही. हॉकर सेंटरमधली माणसं बघत राहिली. तू टेबलावर हात आपटलास, "सेम सेम!"

"नॉट सेम," मी म्हणालो.

झालं. ते भांडण जे सुरू झालं ते संपलं नाही. माझं म्हणणं, रुमालामागं माणूस धावत असतो, त्यात घाम असतो. तुमच्याकडे पुडकं एकटंच बसतं आणि मालक लांब रांगेत गप्पा मारत उभा. ही कसली जागा धरणं? तुझं म्हणणं, मग काय म्हाताऱ्यानं नूडल्स घेऊन धावायचं? मी तिथंच सांगून टाकलं, मी उभा राहीन, पण पुडकं ठेवणार नाही. आणि नाही ठेवलं. एकदाही नाही. रोज सकाळी तू आधी यायचास, एक पुडकं तुझ्या खुर्चीवर, एक समोरच्या खुर्चीवर. मी माझा प्राटा, म्हणजे इथला पराठा, आणि चहा घेऊन यायचो, खुर्चीवरचं पुडकं उचलून तुझ्यापुढं टाकायचो, "मी ठेवलेलं नाही हे" असं रोज बजावायचो, आणि बसायचो. तू म्हणायचास, "यू नॉट प्राउड. युवर बॅकसाइड प्राउड."

पण तुझाही एक कडक नियम होता. येणारं माणूस असेल तरच जागा धरायची. "समवन कमिंग, कॅन. नोबडी कमिंग, कॅनॉट." एकदा एकानं अख्खं टेबल पुडकी मांडून धरलं आणि स्वतः एकटाच जेवत बसला, बाकीचं कुणी येईना. तू उठलास, सगळी पुडकी गोळा करून त्याच्या ताटाशेजारी रचलीस आणि उभ्या माणसांना हाक मारलीस, कम, कम, सिट. तो चिडला. तू म्हणालास, न येणाऱ्याची जागा धरतोस म्हणजे चोरी करतोस. मला तो शब्द लागला होता. तेव्हा कशासाठी लागला ते कळलं नाही.

मला इंग्रजी येतं ते तुझं. जेवढं येतं तेवढं सगळं त्या टेबलावरचं. आणि तू नुसता शब्द कधी दिला नाहीस, त्याच्या मागची गोष्ट लावूनच दिलीस.

गोंधळलेल्या माणसाला ब्लर लाइक सोटोंग का म्हणतात? सोटोंग म्हणजे ते माकुल. तुझा मामा चांगीच्या बाजूला मासे धरायचा. माकुल जाळ्यात आलं की शाई सोडतं. दुसऱ्याला आंधळं करायला जातं आणि स्वतःच आपल्या शाईत हरवतं. काही समजलं नाही तर कॅच नो बॉल का? तर तुझ्या कंपोंगच्या, म्हणजे जुन्या वाडीच्या, मैदानात एक गोरा सोल्जर पोरांना क्रिकेट शिकवायला आला. तो इंग्रजीत ओरडायचा, पोरं त्याच्या तोंडाकडे बघत उभी, आणि चेंडू शेजारनं निघून जायचा. जुन्या काळातली गोष्ट निघाली की लास्ट टाइम पोलीसमन वेअर शॉर्ट्स. हे सांगताना तू पँट गुडघ्यापर्यंत वर ओढून सॅल्यूट ठोकलास. पलीकडच्या बायका तोंडाला हात लावून हसल्या.

कामचुकारपणाला ईट स्नेक म्हणतात. त्याची गोष्ट तू मला दोनदा सांगितलीस आणि दोन्ही वेळा वेगळी. पहिल्या खेपेला रबराच्या मळ्यातला मजूर मुकादमाला सांगायचा, झाडीत साप धरायला गेलो होतो. दुसऱ्या खेपेला तो सापच पोट भरून उन्हात पडलेला आणि मजूर त्याच्यासारखा. मी तुला तिथंच पकडलं.

"हॉक, तू हे रचतोस."

"डिफरंट स्नेक, लाह." वाक्याच्या शेवटी तुमचं हे लाह, आमच्या 'रे'सारखं.

"खोटं बोलतोस."

"सो? समबडी मस्ट टेल फर्स्ट! यू थिंक टॉकिंग ग्रो ऑन ट्री?"

कुणीतरी पहिल्यांदा सांगितलंच असेल ना, बोलणं काय झाडाला लागतं?  घरी जाताना लिफ्टमध्ये विचार केला. आमच्या कारखान्यावरही असंच. बॉयलर फुरफुरला की आम्ही एक शब्द वापरायचो, तो इथं लिहिण्यासारखा नाही, आणि तो कुठनं आला याच्या प्रत्येक पाळीच्या गोष्टी वेगळ्या होत्या. सगळ्यांनी आपापल्या पाळीची खरी मानली.

माझ्या मुलाला तुझं इंग्रजी आवडायचं नाही, हे तुला मी सांगितलं नव्हतं. त्याच्या ऑफिसातले एक साहेब घरी जेवायला आले होते. त्यांनी मला काहीतरी लांबलचक विचारलं. मी म्हणालो, "सॉरी, कॅच नो बॉल." साहेब इथलेच, तुझ्यासारखे. ते एवढे खूश झाले की आमटी परत मागून घेतली. मुलगा मात्र ते गेल्यावर म्हणाला, "अप्पा, ते नीट इंग्रजी नाही हो. चारचौघांत नका बोलू." मी म्हटलं, तुझं ऑफिसचं, माझं टेबलावरचं. तुझ्यानं तुला पगार मिळतो, माझ्यानं मला माणूस मिळाला.  नात सई हळूच म्हणाली, "आजोबा, you win lah."

तीच सई. तिनंच घोळ केला.

चोप हा शब्द कुठनं आला यावर आपलं शेवटचं भांडण लागलं होतं. तू म्हणालास, पोरांच्या खेळातनं. पकडापकडी चालायची, एक खांब ठरलेला असायचा. खांबाला हात लावून चोप म्हणून ओरडलं की तुला कुणी शिवायचं नाही. तिथं तू सुटलास. तेच पुढं टेबलावर आलं. मी म्हणालो, ही पण तुझीच बनावट. तू म्हणालास, मग तुझी गोष्ट सांग. माझ्याकडे नव्हती. मी पहिल्यांदाच हरल्यासारखा उठलो आणि तू मागनं ओरडलास, "टुमॉरो यू ब्रिंग युवर स्टोरी!"

संध्याकाळी मी सईला बसवलं. तिनं फोनमध्ये बघितलं आणि म्हणाली, काही लोक म्हणतात की हा शब्द शिक्क्याचा, ठप्प्याचा. आणि तो ठप्प्याचा शब्द मलय भाषेत आला तुमच्या भारताच्या बाजूनं. छाप! मी ओरडलोच. पुढं ती म्हणत होती, "Some people only, आजोबा, नक्की कुणालाच माहीत नाही." ते मी ऐकून घेतलं नाही. छाप. माझ्या गावच्या गुळाच्या ढेपेवर असते ती. मालावर छाप मारली की माल त्या धन्याचा, खुर्चीवर पुडकं मारलं की खुर्ची त्या माणसाची. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला नावं ठेवली ते आमच्याकडनंच आलेलं. यात मी जिंकलो की हरलो ते मला कळत नव्हतं, पण तुला सांगायची घाई मात्र झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याआधी पोचलो. पहिल्यांदाच. आपलं टेबल उघडं होतं. मी चहा घेतला आणि उभा राहिलो. बसलो नाही, कारण तू पुडकं ठेवल्याशिवाय मी बसायचो नाही, सवय तशी. बघता बघता एक जोडपं येऊन तिथं बसलं. मी उभाच. चहावर साय धरली. तू वेळेवर न येणाऱ्याला काय म्हणायचास? पुट एरोप्लेन. कागदी विमान सोडलं की ते फेकणाऱ्याच्या हातात परत येत नाही, अशी गोष्ट लावली होतीस. मी मनात तेच म्हणत होतो. आज मी गोष्ट आणली तर लेकानं विमान सोडलं.

चहाच्या गाळ्यावरचा माणूस हात पुसत बाहेर आला. तो कधी गाळा सोडून येत नाही.

"अंकल," तो म्हणाला, "हॉक गॉन ऑलरेडी."

आदल्या संध्याकाळी, तुमच्या ब्लॉकच्या लिफ्टपाशी. बुटाची नाडी बांधायला वाकलास तो उठलाच नाहीस. म्हणजे मी सईच्या फोनवर ओरडत होतो त्याच सुमाराला.

मी ग्लास त्याच्या हातात दिला आणि घरी आलो. राग गेला नव्हता. अजून गेलेला नाही. मेलेल्या माणसावर राग धरला तर त्याचं पुढं काय करायचं असतं ते तू मला शिकवलं नाहीस.

तुमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. मधे तू फोटोत, कॉलरचं बटण लावलेला. ते बटण तुला कधीच लावलेलं बघितलं नाही. सगळीकडे गोल टेबलं, शेंगदाणे, पेयांची खोकी. आणि टेबलं रिकामी. हव्या त्या खुर्चीवर बसा. कुणाला काही धरायला नको. मला त्याचीच चीड आली. मी बराच वेळ उभा राहिलो. तेव्हा तुझी बायको आली, पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला सुतकाचा कापडाचा तुकडा लावलेली.

"सिट, अंकल. ही टेल मी, दॅट इंडियन ओल्ड मॅन ऑल्वेज स्टँड. आय टेल हिम, सो मेनी पीपल, यू गो फाइंड दिस वन फॉर व्हॉट?"

आम्ही दोघंही हसलो. मग दोघंही हसायचं थांबलो. ती म्हणाली, घरातनं निघताना तू खिसा चाचपायचास, दोन पुडकी आहेत ना म्हणून. एकच असलं तर जिना चढून परत जायचास. लिफ्टची वाटसुद्धा बघायचा नाहीस. हे मला माहीत नव्हतं. एवढं तू कधी बोलला नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. मी रोज ते पुडकं तुझ्यापुढं टाकत राहिलो.

निघताना तिनं मला लाल दोरा दिला, अशुभ मागं लागू नये म्हणून, आणि बजावलं, जाताना बाय म्हणू नका, भेटू म्हणू नका, नुसतं निघा. मी म्हटलं, आमच्यातही तसंच आहे. एरवी आम्ही जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. पण दुखवट्याच्या घरातनं निघताना येतो म्हणायचं नाही. गप्प उठायचं. तिनं मान हलवली. तू असतास तर टेबलावर हात आपटला असतास. आणि या खेपेला मी सेमच म्हणालो असतो, हॉक. एवढं तुला दिलं असतं.

थँक्यू मात्र दिलं नसतं. ते तू घेतलंही नसतंस.

तुझं दहन झालं त्या दिवशी घरी आलो आणि तुझ्या त्या खांबाचीच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. माझी छाप खरी असेल, तुझा खांब खोटा असेल. पण मला खांब बरा वाटायला लागला. पळून पळून दमलास, हात लावलास, ओरडलास, आता तुला कुणी पकडू शकत नाही. मी अजून मैदानात आहे आणि सगळे माझ्याच मागं.

मुलगा म्हणाला, "अप्पा, सकाळी खाली जाऊ नका काही दिवस. मी चहा करून देतो." त्याला वाटलं, मला त्या टेबलाची भीती आहे. टेबलाचं काय एवढं. भीती होती ती तिथल्या प्रश्नाची. इथं रिकाम्या खुर्चीवर बसायच्या आधी माणूस विचारतो, "अंकल, गॉट पीपल?" इथं कुणी आहे का? समोरच्या खुर्चीकडे बोट करून कुणीतरी विचारणार. नाही म्हणायचं म्हणजे माझ्या तोंडानं तुला घालवायचं. आहे म्हणायचं म्हणजे तुझ्याच नियमानं मी चोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. चहा घेतला, प्राटा घेतला. आपल्या टेबलाशी आलो. माझ्या खुर्चीवर पुडकं नव्हतं. मी खिशातनं रुमाल काढला, घडी मोडली, आणि तुझ्या खुर्चीवर टाकला. मग बसलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी जागा धरली, आणि ती ही.

थोड्या वेळानं एक मुलगी आली. ऑफिसला निघालेली, गळ्यात ओळखपत्र, हातात रस्सा भरलेला वाडगा.

"अंकल, गॉट पीपल?"

"गॉट," मी म्हणालो.

ती बरं म्हणाली आणि तिथंच उभी राहिली. दुसरीकडे जागाच नव्हती. वाडगा गरम होता. ती एका हातातनं दुसऱ्या हातात घेत होती, बोटं भाजत होती. मी प्राटा तोडला. खाल्ला नाही. तिच्या बोटांकडे बघत राहिलो.

मग हात लांब करून रुमाल उचलला.

"नो पीपल," मी म्हणालो. "सिट, लाह."

ती बसली. वाडगा ठेवला, बोटांवर फुंकर घातली, आणि तिला आठवलं की कॉफी घ्यायची राहिली. तिनं पर्समधनं टिश्यूचं पुडकं काढलं, खुर्चीवर ठेवलं. "अंकल, हेल्प मी सी, ओके?" म्हणाली आणि रांगेकडे गेली.

एक जण ट्रे घेऊन आला. पुडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"गॉट पीपल," मी सांगितलं. "कमिंग."

ती कॉफी घेऊन येईपर्यंत मी त्या पुडक्यावरनं नजर हलवली नाही.